यंत्रमानव घेऊन नंदाखालला

वसईहून परत आल्यापासून जो तो मला एकच विचारतो, "काय मग, घाबरले का लोक तुमच्या रोबोला?" आमच्या पुण्यातल्या लोकांची अशी ठाम समजूत आहे की पुण्याची हद्द ओलांडली की माणसं यंत्र बघून किंचाळत पळत सुटतात. तर नाही. कुणी पळालं नाही, कुणी किंचाळलं नाही. हबकले ती मी. चाट पडले, थिजले, एकदा तर हेडफोनची वायर तुटेल अशी ताडकन उभी राहिले. मोजायला गेले होते दुसऱ्यांना, आणि भलतंच होऊन बसलं.

आधी आमचं लटांबर काय होतं ते सांगते. मी मानसशास्त्र शिकवते. तेव्हा पीएच.डी.चं काम चालू होतं आणि विषय असा, की माणसासारखं बोलणारं यंत्र समोर आलं तर लोकांना काय वाटतं ते मोजायचं. 'मोजायचं' हा माझ्या सरांचा लाडका शब्द. माणूस यंत्रापासून किती लांब खुर्ची ओढतो, उत्तर द्यायला किती घुटमळतो, त्याला अहो म्हणतो की अरे, आणि सगळ्यात शेवटी, आजवर कुणाला न सांगितलेली एखादी गोष्ट त्याला सांगतो का. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी यंत्रमानव बनवून दिला होता. उंचीला माझ्या खांद्याइतका, अंग अॅल्युमिनियमचं, खाली चाकं, डोळ्यांच्या जागी दोन हिरवे दिवे, पोटावर तारेची जाळी आणि जाळीमागे स्पीकर. दिसायला ऐटबाज, पण बोलता येत नव्हतं बिचाऱ्याला. म्हणून मी पडद्यामागे बसायचं, त्याच्या पोटातल्या माइकमधून लोकांचं ऐकायचं आणि उत्तर द्यायचं. मधला एक डबा माझा आवाज पत्र्यासारखा करून जाळीतून बाहेर काढायचा. समोरच्याला वाटावं, यंत्रच बोलतंय. एका ठिकाणचं काम संपलं की तिथल्या सगळ्यांना एकत्र बोलावून खरं काय ते सांगून टाकायचं, असं ठरलं होतं.

माझ्याबरोबर विनायक होता. हा सांगलीचा, यंत्र बनवणाऱ्या त्या पोरांतलाच. तारा, बॅटऱ्या, डबे ही सगळी त्याची जबाबदारी. माणूस हुशार, पण दर दोन तासांनी भूक लागणारा आणि कट्टर शाकाहारी.

कामण

पहिला दणका टेम्पोतच बसला. भिवंडीकडून वसईला येताना कामणजवळच्या खड्ड्यात टेम्पो असा काही आपटला की रोबोचं डोकं निखळून विनायकच्या मांडीवर आलं. गोदामांच्या रांगेपुढे एक चहाची टपरी होती, तिथे थांबलो. विनायक स्क्रू पिळत बसला. दोन हमाल चहा पिता पिता टेम्पोत डोकावले.

"मूर्ती कुणाची?" एकानं विचारलं.

"मूर्ती नाही हो, यंत्र आहे," मी म्हटलं.

त्यानं ते ऐकलंच नाही. धडावेगळं डोकं बघून त्याचा जीव कासावीस झाला होता. "भंगलेली मूर्ती पुढं नेऊ नका ताई. पुढं खाडी लागंल, पानी बघून सोडून द्या."

दुसऱ्यानं मान डोलावली. विनायकचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. सहा महिने खपून केलेलं यंत्र हा बाबा खाडीत सोडायला सांगत होता, तेही अगदी कळवळून. आणि जाताना दोघांनीही त्या डोक्याला हात लावून नमस्कार केला. माझ्या मापनाच्या कागदावर 'विसर्जनाचा सल्ला' असा रकाना नव्हता. तिथेच मला कळायला हवं होतं की आपली गाडी आता रुळावरून उतरणार आहे.

सातिवली

सातिवलीला प्लास्टिकची झाकणं बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात पहिला मुक्काम. मालक सरांच्या ओळखीचे. माझा अंदाज सरळ होता. कामगार यंत्रमानव बघणार, आपली नोकरी जाणार म्हणून धास्तावणार, खुर्ची लांब ओढणार. गोणपाटाच्या पडद्यामागे बसून मी पत्र्याच्या आवाजात म्हटलं, "नमस्कार. मी यंत्रमानव. तुमचं नाव काय?"

"नाव नंतर. तुझा वीकली ऑफ कधी?" मशीनवरचा एक कामगार खुर्ची पुढे ओढून बसला. पुढे, म्हणजे अगदी त्याच्या पावलाला चाक लागेल इतका पुढे.

"मला सुट्टी लागत नाही."

"मग येडा आहेस," तो म्हणाला. सगळे खदाखदा हसले.

मी ठरलेला प्रश्न विचारला, "माझ्यामुळे तुमची नोकरी जाईल, असं तुम्हाला वाटतं का?"

"छे रे. शेठला ओरडायला कोणतरी लागतो ना? तुझ्यावर ओरडून त्याला काय मजा येणार?"

इतक्यात लाइट गेली. माझा आवाज वाक्याच्या मधोमध बंद. हिरवे डोळे मालवले. पॅकिंग करणाऱ्या एका बाईंनी पुढे होऊन रोबोवर आपला रुमाल टाकला. का, तर मशीन बंद असताना धूळ बसू नये म्हणून. घाबरणं सोडाच, त्यांनी त्याला चक्क कामावर रुजू करून घेतलं होतं. संध्याकाळी त्यांना खरं सांगितलं तेव्हा तो मशीनवाला एवढंच म्हणाला, "तरीच. आवाजात दम नव्हता." मी थक्क. माझा पहिला अंदाज सपशेल आडवा झाला होता.

विरार

विरारला एका मोठ्या सोसायटीच्या ऑफिसात रविवारी सकाळी बसलो. ही सगळी नोकरदार मंडळी, कुणी रत्नागिरीकडची, कुणी साताऱ्याची, मुंबईला कामाला जाणारी. इथे बायकांनी रोबोला पहिलाच प्रश्न टाकला, "दूध उतू जाताना तुला कळतं का?" कळत नाही म्हटल्यावर त्यांचा त्याच्यातला रस संपला. पुरुषांचं आणखी वेगळं. एक गृहस्थ समोर बसले, "विचार काय ते," म्हणाले, आणि मी पहिला प्रश्न पूर्ण करायच्या आत घोरायला लागले. मी पुन्हा विचारलं. घोरणं वाढलं. बाहेरून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "झोपू द्या हो त्यांना. आठवड्याची झोप आहे ती."

अनोळखी यंत्रासमोर माणूस झोपी जातो म्हणजे त्याचा यंत्रावर विश्वास आहे असं धरायचं, की त्याला ते यंत्र दिसलंच नाही असं? मी डोकं धरून बसले. विनायक म्हणाला, "मॅडम, आधी वडापाव खाऊ या." त्या क्षणी त्याच्याइतका शहाणा माणूस मला दुसरा दिसला नाही.

नंदाखाल

विरारहून आगाशीच्या बाजूला वळलं की बिल्डिंगा अचानक संपतात. नारळी, केळीच्या बागा, बागेत विहीर, कौलारू घरं, अंगणात पांढरा क्रूस. टेम्पोचा आवाजसुद्धा मोठा वाटायला लागला. आमची उतरायची सोय मोनिका टीचर यांच्याकडे होती. निवृत्त शिक्षिका. गावात त्यांना सगळेच टीचर म्हणत, अगदी त्यांचा नवराही. ते डॉमनिककाका, केळीची बाग करणारे, काटक, डोळ्यांत कायम थट्टा. दोघं आपसात त्यांच्या घरच्या बोलीत बोलायची, ती मला निम्मीच कळायची. आमच्याशी मात्र शाळेतली मराठी. टीचर काकांना सर्रास अरे-तुरे करायच्या. आमच्या घरी आई आजही बाबांना हाक मारायची म्हणजे "अहो ऐकलंत का" असं भिंतीकडे बघून म्हणते, त्यामुळे मी पहिल्या दिवशी दर वाक्याला दचकत होते.

जेवण म्हणजे काय सांगू! तांदळाची भाकरी, ओल्या बोंबलाचं कालवण, तळलेली कोलंबी. आमच्याकडे पाहुण्याला 'जेवूनच आला असाल ना' असं विचारतात. इथे मला काही विचारलंच नाही, ताट संपलं की भरलं. विनायक केळी खाऊन जगला. पण त्याचं नशीब थोर, कारण काकांच्या घरची सुकेळी, म्हणजे राजेळी केळी सोलून उन्हात सुकवलेली, मधाच्या वरताण. ती त्यानं इतकी खाल्ली की टीचरनी डबा वरच्या फळीवर ठेवला.

काका मात्र आमच्यासमोर बसून वाटीतून नुसती पेज पीत होते. मी न राहवून विचारलं, "काका, तुम्ही का नाही जेवत?"

उत्तर टीचरनी दिलं, आणि काय तो अभिमान! "आमचा उपवासकाळ चालू आहे ना आता, ईस्टरच्या आधीचा. कुणी मटण सोडतं, कुणी दारू सोडतं. यानं ह्या वर्षी सगळंच सोडलं. ईस्टरपर्यंत फक्त पेज. अख्ख्या आळीत असं व्रत कुणी केलं नाही, विचारा हवं तर."

"टीचर, पातळ कर जरा," काका म्हणाले.

"गप रे. पातळ पेजेनं अंगात काय राहणार? आधीच वाळून काटकी झालास. ईस्टर झाला की सरिताचं लग्न आहे. मांडवात असा उभा राहणार आहेस का?"

सरिता म्हणजे त्यांची धाकटी. उपवासकाळात इकडे लग्नं होत नाहीत, त्यामुळे ईस्टर झाल्याबरोबरची तारीख धरलेली. काका हसले आणि ती घट्ट पेज चमच्या-चमच्यानं संपवायला लागले. मी मनात म्हटलं, वा! आमच्याकडे एकादशीला साबुदाण्याची खिचडी चापतात, आणि हा माणूस बघा.

चर्चच्या हॉलमध्ये नाटकासाठी स्टेज आहे. टीचरनीच हॉल मिळवून दिला, गावात निरोप फिरवला. पडद्यापुढे रोबो, पडद्यामागे लोखंडी खुर्चीत मी. विनायक हॉलच्या कोपऱ्यात, खुर्ची किती सरकते ते मोजायला आखलेल्या खडूच्या रेघा बघत. आणि इथे माझ्या सगळ्या मापांची दाणादाण उडाली. लोक खुर्ची जवळ ओढत, ते एक वेळ ठीक. पण प्रत्येक जण पुढे वाकून, पोटावरच्या जाळीला तोंड लावून, हलक्या आवाजात बोलायचा. दुसरं कुणी बोलत असलं की बाकीचे लांब भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. इतकी शिस्त मी पुण्यात बँकेतसुद्धा पाहिली नव्हती.

एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "किती वेळ असं बसायचं? पाय लांब कर जरा. रग लागेल."

रोबोला पाय नव्हतेच, चाकं होती! मी उत्साहानं लिहून घेतलं, 'यंत्राला माणसाचं शरीर आहे अशी पक्की भावना.'

एकानं बजावलं, "वरचा पंखा सैल आहे. त्याच्याखाली बसू नको, थोडं सरक." पंखा होता माझ्या डोक्यावर, रोबोच्या नव्हे. हे माझ्या लक्षात आलं नाही, यावर आता माझाच विश्वास बसत नाही. आणखी एकानं शहाळं फोडून आणलं आणि पडद्याच्या कडेला ठेवून गेला. मी लिहिलं, 'यंत्रापुढे नैवेद्य.' नैवेद्य विनायकनं संपवला. पुण्यात आधी हाच प्रयोग केला होता, तेव्हा कुणीही रोबोला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. मी तर हरखून गेले. आता मला साता समुद्रापार बोलावणार, अशी स्वप्नं पडायला लागली.

दुपारच्या सुमाराला डॉमनिककाका आले. पाठोपाठ खुर्ची सरकल्याचा आवाज. मी ठरलेलं वाक्य म्हटलं, "तुम्ही मला सांगाल ते गुप्त राहील." मग ठरलेले प्रश्न. काकांनी दोन शब्दांत उत्तरं उरकली, घाई असल्यासारखी. मग मी शेवटचा विचारला, "कुणाला न सांगितलेली एखादी गोष्ट मला सांगाल?"

मग जाळीशी श्वास ऐकू आला.

"व्रत वगैरे काही नाही," काका म्हणाले. "घास उतरत नाही. नाताळपासून. आधी भाकरी अडकायची, मग भात. आता पेजसुद्धा घट्ट असली की छातीत बसते. बोरिवलीला जाऊन दाखवलं, नळी घालून बघितलं त्यांनी. अन्ननलिकेत गाठ आहे. डॉक्टर म्हणाला, आजच्या आज भरती व्हा, उशीर करू नका. मी म्हटलं, पोरीचं लग्न होऊ दे. तो म्हणाला, तोवर हाताबाहेर जाईल. उपवासकाळ लागला, बरं झालं. कुणी विचारत नाही का जेवत नाहीस म्हणून."

सकाळीच या माणसानं मला आग्रहानं तिसरी भाकरी वाढली होती! माझ्यासमोर ठरलेली वाक्यं होती. त्यातलं एक म्हटलं, "समजलं." त्या पत्र्याच्या आवाजात ते इतकं निर्दय वाटलं की मला स्वतःचीच किळस आली. मग ठरलेलं सोडून मी म्हटलं, "घरी सांगा."

"तेच तर जमत नाही ना. टीचरचं तोंड बघितलं की वाचाच बसते माझी. बघ आता तूच काय ते."

खुर्ची सरकली. काका गेले. मी ताडकन उभी राहिले आणि हेडफोनची वायर तुटली ती तेव्हा.

त्यानंतरचा दीड दिवस मी कसा काढला ते माझं मलाच माहीत. मी शब्द दिला होता, गुप्त राहील म्हणून. शिवाय काकांनी सांगितलं ते यंत्राला, मला नव्हे. मी पडद्यामागे लपून चोरून ऐकलं होतं. ते फोडायचं कसं? आणि न फोडायचं तरी कसं, समोर माणूस मरत असताना? एसटीडी बूथवरून सरांना फोन केला. सर म्हणाले, "अरे वा! यंत्राजवळ इतकं मन मोकळं केलं? हे तर फारच छान निघालं. नीट लिहून ठेव." मी फोन आपटला. आपला गुरू इतका दगड असेल असं मला वाटलं नव्हतं. पुढच्या प्रत्येक जेवणाला टीचर माझ्या ताटात मासा वाढत होत्या, काका वाटी घेऊन समोर बसत होते आणि अधूनमधून माझ्याकडे असं बघत होते की मी ताटातून मान वर काढत नव्हते. मला वाटायचं, यांना संशय आला. आता बिंग फुटणार.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं. जायचं, पाय धरायचे आणि सांगायचं, काका, आत मी होते. काका बागेत केळीची सुकलेली पानं कापत होते. मी तोंड उघडायच्या आत तेच कोयता टाकून कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"काय गं बाय, टीचरला बोललीस की नाही अजून?"

"क... कशाबद्दल?"

"कशाबद्दल काय? परवा तुला एवढं सांगितलं ते!"

"मला?"

"मग काय त्या डब्याला?" काका खरंच चिडले होते. "दीड दिवस झाला, मी वाट बघतोय. आज बोलेल, संध्याकाळी बोलेल. तू आपली मासे खातेस आणि गप्प!"

मला तिथल्या तिथे बसावं लागलं. "म्हणजे... तुम्हाला माहीत होतं मी आत आहे?"

"सगळ्या गावाला माहीत आहे. पडदा वीतभर वर आहे, खालून तुझे पाय दिसतात. पहिल्या दिवशी सकाळीच कळलं."

पाय लांब कर! पंखा सैल आहे! शहाळं! डोळ्यांपुढे माझे सगळे रकाने गरगर फिरायला लागले. "मग कुणी बोललं कसं नाही? सगळे त्या जाळीत का बोलत होते?"

काकांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. "आम्ही पापनिवेदनाला जातो, फादरकडे पापं कबूल करायला, तेव्हा जाळीपलीकडे कोण आहे ते आम्हाला माहीत नसतं का? फादर आमच्याकडेच जेवायला येतात, माझ्याशी पत्ते खेळतात. पण जाळीपलीकडे बसले की ते फादर नाहीत. आपण ओळख दाखवत नाही, ते दाखवत नाहीत. नाहीतर माणूस बोलेल कसा? तू पडदा लावलास, जाळी लावलीस. आम्हाला वाटलं, तुमच्यात असंच असतं. म्हणून आम्ही ओळख दाखवली नाही."

मी रडवेली झाले. माझं सगळं संशोधन मातीत गेलं होतं, पण त्या वेळी ते मनातही आलं नाही. "मग काका, फादरनाच का नाही सांगितलंत? ते तर तुमचे..."

"फादरना सांगून उपयोग काय?" काकांचा आवाज एकदम खाली आला. "ते ऐकतात, पण कुणाला सांगत नाहीत. सांगूच शकत नाहीत. जीव गेला तरी नाही. मला सांगणारं माणूस हवं होतं. माझ्या तोंडून फुटत नाही, म्हणून दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून टीचरच्या कानावर जायला हवं होतं. तू पुण्याची, गुप्त राहील म्हणालीस ते पाठ केलेलं वाक्य, तुला कसली शपथ? मला वाटलं, ही काय, बाहेर येऊन लगेच बोलेल."

आणि मी गुप्ततेचा नियम पोटाशी धरून बसले होते! जन्मात मला इतका धक्का बसला नव्हता. मी उठले आणि जवळजवळ धावतच स्वयंपाकघरात गेले.

टीचर बोंबील साफ करत बसल्या होत्या. मी कशीबशी सुरुवात केली आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं. नळी, गाठ, डॉक्टर, लग्न. त्यांच्या हातातला बोंबील तसाच राहिला. आधी त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्या फार हळू बोलल्या.

"मी अख्ख्या आळीत सांगत फिरले. माझ्या नवऱ्याचं व्रत, माझ्या नवऱ्याचं व्रत. बायका म्हणाल्या, भाग्यवान आहेस." मग डोळे वर करून माझ्याकडे बघितलं. "रोज शेजारी निजते मी त्याच्या. आणि तो पुण्याच्या बाईला सांगतो?"

टीचरनी हात धुतले, पदराला पुसले आणि त्या बाहेर गेल्या.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. टीचरनी दुसऱ्याच दिवशी काकांना मुंबईला नेऊन भरती केलं. ऑपरेशन मोठं झालं. सरिताचं लग्न पुढे ढकललं, आणि पावसाळ्यानंतर झालं तेव्हा काका मांडवात उभे होते, काटकीसारखे, पण उभे. हे लिहायला त्यांनीच परवानगी दिली, नावं मात्र मी बदलली आहेत. पीएच.डी.चं म्हणाल तर तो विषय मी सोडला, सरही सोडले. त्याची मला काडीची खंत नाही. मला सारखं आठवतं ते त्या सकाळचं.

काका बागेतून येऊन ओट्यावर बसले होते, रस्त्याकडे तोंड करून, मान खाली. टीचर दारात थांबल्या. काकांनी त्यांची चाहूल ओळखली, पण मान वर केली नाही. मला वाटलं, आता या समोर जाऊन त्यांना गदागदा हलवणार. टीचर समोर गेल्याच नाहीत. त्या ओट्यावर काकांच्या मागे बसल्या, त्यांच्या पाठीला पाठ लावून, तोंड घराकडे करून.

"मी बघत नाही तुझ्याकडे," त्या म्हणाल्या. "आता सांग."

काका बोलायला लागले. पहिल्यापासून, नाताळपासून, त्यांच्या घरच्या बोलीत. मला अर्धंमुर्धं कळत होतं, आणि मला कळावं असं ते नव्हतंच. मी दाराच्या आत सरकले. टीचर ताठ बसून ऐकत होत्या, तोंडावरून पाणी वाहत होतं, पण आवाज म्हणून काढला नाही. सांगून संपलं तेव्हा त्यांनी वळून न बघताच विचारलं, "आणि पेज? ती तरी उतरते का, का तीही माझ्यासाठीच गिळत होतास?"

"पातळ असली की उतरते," काका म्हणाले.

"मग तेवढं तरी मला सांगायचं होतंस रे," टीचर म्हणाल्या, आणि पातेलं चुलीवर ठेवायला उठल्या.